वाचकांचे प्रश्न : ज्या हवेत रुग्ण, त्याच हवेत आपण

करोना साथीच्या काळात भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांनी स्वतःला संसर्गापासून कसे वाचवले, या विषयावर मी मागील अंकात लिहिले होते. त्या लेखावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांपैकी बहुतेक जण आजही रुग्णालयांत काम करीत असल्याने कोणाचेही नाव दिलेले नाही.

प्रश्न : मी मिरजेत भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या ओटीशेजारच्या (शस्त्रक्रियागृहाशेजारच्या) अडगळीच्या खोलीत अ‍ॅक्रिलिकच्या काही पारदर्शक पेट्या पडून आहेत. साथीत रुग्णाच्या डोक्यावर ही पेटी ठेवून, तिच्या भोकांतून हात घालून श्वासनलिकेत नळी टाकत असत, असे सीनियर सांगतात. उद्या पुन्हा अशी साथ आली तर या पेट्या वापराव्यात का?

उत्तर : वापरू नयेत. मात्र त्या पेट्या का आल्या आणि का गेल्या, हे आपल्या पिढीने समजून घेतले पाहिजे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नळी टाकण्याची आम्हा भूलतज्ज्ञांना जी धास्ती होती, ती २००३ च्या सार्स साथीतून आलेली होती. त्या साथीत जगभरात ८,०९६ जणांना लागण झाली आणि त्यांत सतराशेहून अधिक आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे जवळजवळ दर पाच रुग्णांमागे एक. त्या काळातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असे दिसले की, नळी टाकण्याच्या कामात सहभागी झालेल्यांना लागण होण्याची शक्यता इतर कर्मचाऱ्यांच्या सुमारे साडेसहा पट होती. हा आकडा मनात घेऊनच आम्ही २०२० च्या मार्चमध्ये उभे होतो. पीपीई किट मोजकी होती, एन-९५ मास्क कुलपात ठेवावे लागत होते, आणि अशा वेळी तैवानमधील भूलतज्ज्ञ लाय शिएन-युंग यांनी या पेटीची रचना सर्वांसाठी खुली केली. अ‍ॅक्रिलिकचे काम करणारा कोणताही कारागीर ती एका दिवसात करून देऊ शकत होता, त्यामुळे ती गावोगावी पोहोचली. ज्यांनी त्या पेट्या पदरमोड करून रुग्णालयांना दिल्या, त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

परंतु पेटीची परीक्षा वापरात झाली. भोकांतून आत गेलेले हात वळत नाहीत, मान थोडी उंचवायची म्हटली तरी काठ आड येतो, आणि एरवी तीस सेकंदांत होणाऱ्या कामाला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. मी स्वतः एका रुग्णालयात, मे महिन्याच्या उकाड्यात, पेटीत हात अडकलेले असताना पहिल्या प्रयत्नात नळी टाकू शकलो नव्हतो आणि रुग्णाचा ऑक्सिजन डोळ्यांदेखत खाली येत होता. आम्ही पेटी उचलून बाजूला ठेवली, तेव्हा नळी गेली. पुढे कणांची मोजदाद करणारे प्रयोग झाले. त्यांत दिसले की, पेटीतून हवा ओढून घेण्याची सोय नसेल तर रुग्ण खोकल्यावर आत साठलेले सूक्ष्म तुषार हाताच्या भोकांतून नेमके नळी टाकणाऱ्याच्याच तोंडावर येतात. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा, सक्शन नसलेल्या पेट्यांना दिलेली तातडीची परवानगी काढून घेतली.

त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्रत्यक्ष ओटीत केलेली मोजणी प्रसिद्ध झाली, आणि माझ्या मते ती या साऱ्या विषयाची दिशा बदलणारी होती. पूर्ण भूल दिलेल्या, स्नायू शिथिल केलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी टाकताना उडणारे सूक्ष्म कण हे एका साध्या, मुद्दाम काढलेल्या खोकल्यात उडणाऱ्या कणांपेक्षा कितीतरी कमी भरले. म्हणजे धोका नळीत नव्हता. तो धापा टाकणाऱ्या, खोकणाऱ्या रुग्णाच्या श्वासात होता, त्याच्या तोंडापासून एका फुटावर उभे राहण्यात होता आणि खोलीतील हवा बदलत नसण्यात होता. नळी टाकणाऱ्यांना सार्समध्ये लागण अधिक झाली, कारण ते सर्वांत आजारी रुग्णाच्या सर्वांत जवळ होते.

तेव्हा पुढच्या वेळी पेटी शोधू नका, क्रम पाठ ठेवा. खोलीत कमीत कमी माणसे असावीत. नळी टाकणारा हजर असलेल्यांपैकी सर्वांत अनुभवी असावा. शक्य असेल तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशातील दृश्य पडद्यावर दाखवणारे उपकरण, वापरावा, म्हणजे आपला चेहरा रुग्णाच्या तोंडापासून हातभर दूर राहतो. तीन ते पाच मिनिटे घट्ट बसवलेल्या फेसमास्कने पूर्ण ऑक्सिजन द्यावा, मास्क दोन्ही हातांनी धरावा, मास्क आणि सर्किट (यंत्रातून श्वासाची हवा नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्या) यांच्यामध्ये फिल्टर असलाच पाहिजे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध एकापाठोपाठ एक, पुरेशा मात्रेत द्यावे, जेणेकरून रुग्ण खोकणार नाही. गरज नसताना हाताने श्वास देण्याची बॅग दाबू नये. नळी गेल्यावर आधी तिच्या टोकाभोवतीचा हवेचा फुगा (कफ) फुगवावा आणि मगच व्हेंटिलेटर सुरू करावा. पुढे केव्हाही सर्किट सोडवायचे झाले तर नळीला आधी चिमटा लावावा. किटमध्ये स्टेथोस्कोप कानाला लावता येत नाही, म्हणून नळी जागेवर आहे की नाही हे रुग्णाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून पाहण्याची सवय आजपासूनच ठेवा. हे सारे नेहमीच्या रुग्णावर, साथ नसताना, पुन्हापुन्हा करून हातात बसले तरच ते रात्री दोन वाजता घामाने डबडबलेल्या गॉगलमधून होते.

प्रश्न : माझे मिस्टर साताऱ्यात एका रुग्णालयात ठेकेदारामार्फत सफाईचे काम करतात. करोनात डॉक्टर आणि सिस्टरांना एन-९५ मिळत होता, यांना मात्र साधा कापडी मास्क दिला. विचारले तर सांगितले की, तू प्रोसिजरला आत नसतोस, तुला त्याची गरज नाही. त्यांना दोनदा करोना झाला. ते सांगितलेले बरोबर होते का?

उत्तर : नाही, ताई, ते बरोबर नव्हते. आणि ते केवळ माणुसकीच्या दृष्टीने नव्हे, तर शास्त्राच्या दृष्टीनेही चूक होते.

साथीच्या सुरुवातीला जगभर एक यादी केली गेली होती. नळी टाकणे, गळ्याला छिद्र पाडून श्वासमार्ग करणे, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणे), दातांचे ड्रिलिंग, छाती दाबून हृदय सुरू करणे, अशा काही प्रक्रियांच्या वेळी हवेत तरंगणारे तुषार निर्माण होतात, म्हणून तेथे एन-९५ आणि इतरत्र साधा सर्जिकल मास्क, अशी ती विभागणी होती. मास्क थोडे असताना वाटपाला काही नियम लागतो, हे मी समजू शकतो. परंतु त्या नियमामागचे गृहीतच पुढे ढासळले. बर्मिंगहॅम येथील रुग्णालयांत एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली गेली, तेव्हा अतिदक्षता विभागात, जेथे या साऱ्या ‘धोक्याच्या’ प्रक्रिया होत होत्या, तेथे सुमारे १५ टक्के कर्मचाऱ्यांना लागण होऊन गेलेली आढळली. आणि सफाई कर्मचाऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. आपल्या मिस्टरांना दोनदा करोना का झाला, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या आसपास कोठेतरी आहे.

प्रक्रिया संपते तेव्हा हवेतील तुषार संपत नाहीत. बंद खोलीत हवा नीट बदलत नसेल तर ते तासाहून अधिक काळ तरंगत राहतात, आणि डॉक्टर बाहेर पडल्यावर त्या खोलीत सर्वांत आधी जे दोघे शिरतात ते म्हणजे आपल्या रुग्णालयांतले मामा आणि मावशी. फरशी पुसणे, पिवळ्या पिशव्या बांधणे, रक्ताने माखलेल्या चादरी गोळा करणे, हे काम वाकून, दमून, जोराने श्वास घेत करावे लागते. वॉर्डात तर खोकणाऱ्या वीस रुग्णांमध्ये त्यांचा दिवस जातो. मला अतिशय खेद याचा वाटतो की, त्या दिवसांत माझ्यासारख्यांनी स्वतःच्या मास्कची काळजी केली तेवढी मावशींच्या मास्कची केली नाही. पेटीचे डिझाइन आम्ही तासन्‌तास चर्चिले, पण ही साधी गोष्ट कोणी बैठकीत मांडली नाही.

आता उपयोगाचे सांगतो. पुन्हा अशी वेळ आल्यास मिस्टरांनी आत जाण्यापूर्वी ‘खोलीत शेवटची प्रोसिजर कधी झाली आणि किती वेळ थांबायचे’ हे इन्चार्ज सिस्टरांना विचारावे. हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. फरशीसाठी सोडियम हायपोक्लोराइट एक टक्का पुरते, ते अधिक तीव्र केल्याने विषाणू अधिक मरत नाही, पण फुप्फुसांना त्रास होतो. आणि ते संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. शेवटी एक कागदाची गोष्ट. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना जाहीर केली होती, आणि तिच्यात ठेकेदारामार्फत आलेले व रोजंदारीवरचे कर्मचारीही धरलेले होते. मात्र अशा योजनेचा लाभ मागताना माणूस कोणत्या तारखेला कोणत्या वॉर्डात कामावर होता हे दाखवावे लागते. म्हणून ड्युटीच्या रजिस्टरात मिस्टरांचे नाव रोज लिहिले जाते की नाही याकडे लक्ष द्या आणि शक्य झाल्यास त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

प्रश्न : विट्यात माझा दातांचा दवाखाना आहे. दहा बाय बारा फुटांची एकच खोली, स्प्लिट एसी आणि एक खिडकी. साथीत आम्ही तीन महिने एअरोटर (दात कोरण्याचे वेगवान यंत्र) बंद ठेवला होता. छोट्या दवाखान्यात सुरक्षित काम करणे शक्य आहे का, की ते फक्त मोठ्या रुग्णालयांनाच परवडणारे आहे?

उत्तर : शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च आपल्या खुर्चीच्या किमतीच्या मानाने फारच थोडा आहे.

प्रथम हवेचा हिशोब करू. दहा बाय बारा फुटांची खोली आणि दहा फूट उंचीचे छत म्हणजे १,२०० घनफूट हवा. अशा प्रक्रियांच्या खोलीत तासाला किमान १२ वेळा हवा बदलावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तासाला १४,४०० घनफूट, मिनिटाला २४० घनफूट. एवढी हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा विद्युत साहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो. या वेगाने हवा बदलत असेल तर काम थांबल्यावर २३ मिनिटांत हवेतील ९९ टक्के कण निघून जातात; वेग निम्मा, म्हणजे तासाला सहा वेळा, असेल तर त्याच कामाला ४६ मिनिटे लागतात. दोन रुग्णांमध्ये किती वेळ सोडायचा, हे यावरून आपले आपल्याला ठरवता येते. स्प्लिट एसी मात्र खोलीतील तीच हवा गार करून पुन्हा सोडतो, बाहेरची हवा आणत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एसी लावायचा असेल तर पंखा आणि खिडकीची फट त्याबरोबर चालू ठेवावी लागेल. वीजबिल वाढेल, पण ते मी योग्य मानतो.

पंखा कोठे बसवला याला त्याच्या क्षमतेइतकेच महत्त्व आहे. ताजी हवा आपल्या पाठीमागून यावी, आपल्यावरून रुग्णाकडे जावी आणि रुग्णाच्या डोक्याच्या बाजूने बाहेर पडावी. अनेक दवाखान्यांत हे नेमके उलटे असते. शेतात औषध फवारताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, हे विट्याच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला माहीत असते. खुर्चीजवळ उभे राहतानाही तोच नियम आहे.

राहिला प्रश्न तुषारांचा. एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि पाण्याच्या फवाऱ्यात लाळ मिसळून उडवतो. रबर डॅम, म्हणजे फक्त कामाचा दात उघडा ठेवणारा रबरी पडदा, लावल्यास त्या फवाऱ्यातून लाळ जवळजवळ वगळली जाते, आणि सहायकाने मोठ्या तोंडाचे जोरदार सक्शन दाताजवळ धरल्यास जे उडते त्यातले बहुतेक जागच्या जागी ओढले जाते. काम सुरू करण्यापूर्वी रुग्णाला पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणाने चूळ भरायला सांगावे. त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा थायरॉईडचा विकार आहे का, हे आधी विचारावे. जी कीड हातातल्या अवजाराने खरवडून काढता येते, तेथे एअरोटर हातात न घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणखी एक सुचवतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र घ्या. बाहेरच्या हवेत त्याचा आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. खोलीत माणसे असताना तो ८०० च्या खाली राहिला तर हवा बदलते आहे असे समजावे. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाखालची पातळी रोज पाहतात, तसा हा आकडा पाहत जा.

प्रश्न : मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. एन-९५ घातला म्हणजे सुरक्षित, असे समजून आम्ही काम केले, तरी आमच्यापैकी काही जणी आजारी पडल्या. मास्क खराब होते का?

उत्तर : सिस्टर, काही मास्क खोटेही होते, परंतु बहुतेक वेळा दोष बसण्यात असतो. एन-९५ मधले कापड ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवते, पण ते कापडातून जाणाऱ्या हवेपुरते खरे आहे. नाकाजवळ किंवा हनुवटीखाली फट राहिली तर हवा त्या सोप्या वाटेने आत येते. प्रत्येक वेळी मास्क घातल्यावर दोन्ही तळहातांनी तो झाकून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे झुळूक लागली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबावी. कानात अडकवण्याच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कधीही चांगले. आणि वर्षातून एकदा तरी रुग्णालयाने खरी फिट टेस्ट करावी: डोक्यावर टोपडे घालून आत सॅकरिनचा फवारा सोडतात, गोड चव लागली की मास्क गळतो. एकाच कंपनीचा एकच आकार सर्व चेहऱ्यांना बसत नाही, बारीक चेहऱ्याच्या मुलींना तर बहुतेकदा बसतच नाही. दाढी असलेल्या डॉक्टरांना मी त्या काळात स्पष्टपणे दाढी काढायला सांगितले होते.

मास्क धुऊ नये. त्याच्या मधल्या थरावर विद्युतभार असतो, कण त्यालाच चिकटतात, आणि साबण किंवा सॅनिटायझर लागला की तो भार जातो. तुटवडाच पडला तर पाच मास्क, पाच कागदी पिशव्या आणि आठवड्याचे पाच वार, अशी पाळी लावून प्रत्येक मास्कला काही दिवस विश्रांती द्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

आपण लिहिलेले नाही, पण बहुतेक लागण किट काढताना आणि चहाच्या खोलीत होते, असे माझे निरीक्षण आहे. सहा तासांनी किट काढताना माणूस थकलेला असतो, घाई झालेली असते. म्हणून समोर एक जण उभी राहून क्रम मोठ्याने वाचणारी असावी: हातमोजे, गाऊन, हात धुणे, गॉगल, पुन्हा हात, आणि मास्क सर्वांत शेवटी, तोही खोलीच्या बाहेर आल्यावर. त्यानंतर दाराखिडक्या बंद असलेल्या छोट्या खोलीत सहा जणींनी एकत्र डबा खाऊ नये. व्हरांड्यात खावा.

व्हरांड्यावरून आठवले. पेरूमधील लिमा शहरात रुग्णालयांच्या हवेचा अभ्यास झाला होता, क्षयरोगाच्या संदर्भात. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खिडक्या उघडल्यावर तासाला ४० वेळा हवा बदलत होती. नव्या इमारतींत सुमारे १७ वेळा, आणि यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या काळापासून मिरजेला दवाखान्यांची परंपरा आहे, आणि क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवण्याचे महत्त्व वानलेसवाडीच्या क्षयरोग रुग्णालयाने फार पूर्वी ओळखले होते. नव्या इमारती बांधताना आपण खिडक्या लहान करीत आलो आहोत, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : २०२१ मध्ये माझ्या वडिलांना काळ्या बुरशीचा आजार झाला. कराडला शस्त्रक्रियेसाठी आम्हाला दोन दिवस थांबावे लागले. डॉक्टर बुरशीची लागण होईल म्हणून घाबरत होते का?

उत्तर : काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही, आणि हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना नक्कीच माहीत होते. अडचण अशी होती की, यातील अनेक रुग्णांच्या नाकात त्या वेळी करोनाचा विषाणू असे, आणि शस्त्रक्रिया तर नाकातच, दुर्बिणीने, सडलेला भाग खरवडून आणि सक्शनने ओढून करायची असते. तयारीला वेळ लागत असे: नाकात पोव्हिडोन आयोडीनच्या पट्ट्या ठेवणे, ओटीत मोजकीच माणसे, डोळा दुर्बिणीला न लावता पडद्यावर पाहून काम करणे, आणि दोन शस्त्रक्रियांमध्ये हवा निवळण्याची वाट पाहणे. यामुळे दिवसाला ज्या पाच-सहा शस्त्रक्रिया होऊ शकत, त्या दोन-तीनवर आल्या होत्या. आपल्या वडिलांच्या बाबतीत नेमके काय घडले, हे कागदपत्रांशिवाय मी सांगू शकत नाही. मात्र या आजारात दिवसागणिक बुरशी पुढे सरकते, त्यामुळे आपल्याला तो उशीर किती जीवघेणा वाटला असेल, हे मी समजू शकतो.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमचे वीस खाटांचे रुग्णालय आहे. पुढच्या साथीसाठी किती साठा ठेवावा? मुदत संपून वाया जातो, म्हणून भागीदार नको म्हणतात.

उत्तर : साठा फिरता ठेवा, म्हणजे वाया जाणार नाही. क्षयरोगाचा संशय असलेल्या प्रत्येक रुग्णाजवळ, प्रत्येक ब्रॉन्कोस्कोपीत, गोवर-कांजिण्यांच्या मुलाजवळ आजही एन-९५ वापरायला हवा. तो वापरला तर जुने मास्क आपोआप संपतात आणि नवे आत येतात. ‘किती’ याचे उत्तर आपल्याच रजिस्टरात आहे: डॉक्टर, सिस्टर, मामा, मावशी, लॅबचा मुलगा, अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि भूल द्यायला बाहेरून येणारे डॉक्टर, अशी सर्वांची नावे लिहा, पाचांच्या पाळीने प्रत्येकाला एका महिन्यात किती लागतील ते काढा, आणि तेवढे नेहमी कपाटात असू द्या. कृष्णेचे पाणी आयर्विनला ४० फुटांच्या इशारा पातळीवर आले की आपण सामान वर चढवतो, ४५ ची धोका पातळी गाठेपर्यंत थांबत नाही. साठ्यासाठीही अशी एक इशारा रेषा ठरवा, ती कपाटाच्या दाराला आतून लिहून लावा, आणि किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरांकडे राहील असे पाहा. २०२० मध्ये मी अशी कपाटे पाहिली आहेत, ज्यांत मास्क होते आणि किल्ली घरी गेलेली होती.